चक्कर येऊन पडलेला पेशंट आणि आपण न विचारलेले प्रश्न

रातराणी

नमस्कार मंडळी,

गेली आठ वर्षं मी सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत काम करते. आधी बॉण्डवर (शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा) ग्रामीण रुग्णालयात होते, आता उपजिल्हा रुग्णालयात आहे. इथं डॉक्टर, सिस्टर, पेशंटचे नातेवाईक असे सगळेच वाचतात, म्हणून धागा काढते आहे. ‘चक्कर येऊन पडला’ म्हणून आणलेल्या माणसाबद्दल आम्हा डॉक्टरांना खरोखर किती कळतं, आणि जे कळतं त्यातलं रात्री दोन वाजता किती आठवतं, याबद्दल बोलायचं आहे.

आधी एका मुलीची गोष्ट. वय १५. शाळेत खो-खो खेळताना पडली, हातपाय झटकले, मिनिटभरात उठून बसली. एका दवाखान्यात ‘फिट’ म्हणून फेनिटोइन हे फिटचं औषध सुरू झालं. दुसऱ्यांदा पडली तेव्हा ती माझ्याकडे आली. मी केसपेपरवर काय लिहिलं ते अजून पाठ आहे: ‘जुनी फिटची पेशंट, गोळ्या चालू ठेवा, ओपीडीला दाखवा.’ ईसीजी काढला नाही. एवढ्याशा मुलीचा ईसीजी काढावा हे मला सुचलंच नाही.

अडीच महिन्यांनी ती तिसऱ्यांदा आली. या वेळी एसटी पकडायला धावताना पडली होती. रात्रपाळीच्या सिस्टर माझ्याहून २० वर्षांनी मोठ्या. मी येईपर्यंत त्यांनी लीड लावून ईसीजीची पट्टी काढून ठेवली होती. मी पट्टी उजेडात धरली आणि पोटात गोळा आला. ठोके नेहमीच्या गतीनं पडत असतील तर दोन आर वेव्हमधल्या (ठोक्याच्या उंच टोकांमधल्या) अंतराच्या निम्म्याच्या आत टी वेव्ह (ठोक्यानंतरचा उंचवटा) संपायला हवी. इथं ती निम्म्याच्या बरीच पलीकडं रेंगाळत होती. चौकोन मोजले, गतीचा हिशेब केला, क्यूटीसी (ठोका सुरू झाल्यापासून टी वेव्ह संपेपर्यंतचा, गतीप्रमाणे दुरुस्त केलेला वेळ) ५२० मिलिसेकंद, म्हणजे फारच लांब.

मी आईला विचारलं, “घरात कुणाला हार्टचा त्रास आहे का?” ती म्हणाली, “नाही मॅडम, कुणालाच नाही.” मी ‘नाही’ लिहिणार, तेवढ्यात सिस्टर तिच्याशेजारी बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, “घरातलं कुणी तरणंताठं माणूस अचानक गेलंय का गं? झोपेत, पाण्यात, कसंही?”

“माझा भाऊ गेला की. विहिरीत. पट्टीचा पोहणारा होता. कसा बुडाला कुणालाच कळलं नाही.”

लाँग क्यूटी म्हणजे हा वेळ जन्मतःच लांब असण्याचा आजार; त्याच्या एका प्रकारात पळताना आणि विशेषतः पोहताना हृदयाचा ताल एकाएकी बिघडतो, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही असेन. पण त्या आईच्या मनात विहिरीत गेलेला भाऊ ‘हार्टचा त्रास’ या खान्यात नव्हताच, कसा असेल? माझा प्रश्नच असा होता की त्याचं खरं उत्तर ‘नाही’ हेच होतं.

मुलगी मेडिकल कॉलेजला गेली, प्रोप्रानोलॉल हे हृदयाचं औषध सुरू झालं, फेनिटोइन बंद झालं. घरातल्या सगळ्यांचे ईसीजी काढले. धाकट्या भावाचाही क्यूटी लांब निघाला. दोघं बरी आहेत. भाऊ विहिरीवर जात नाही, आई जाऊ देत नाही.

तेव्हापासून या एका तक्रारीबद्दल मिळेल ते वाचते आहे. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांची २०१८ ची आणि अमेरिकेतली २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं दोन्ही एकच सांगतात. शुद्ध हरपून आपोआप शुद्धीवर आलेल्या प्रत्येक माणसासाठी तीनच गोष्टी आधी करायच्या: नीट माहिती विचारायची, अंग तपासायचं (त्यात उभं करून बीपी बघणं आलं) आणि १२ लीडचा ईसीजी काढायचा. या तिन्ही गोष्टी आमच्या ग्रामीण रुग्णालयात होत्या. ईसीजीचं मशीन खोलीतच होतं, कापडाखाली झाकलेलं.

तुमचे अनुभव लिहा. डॉक्टर असाल तर चुकलेलेही लिहा.

पाऊलवाट

डॉक्टर, वाचून अंगावर काटा आला. मी साधा शिक्षक आहे. एक विचारतो. पेशंट ‘चक्कर आली’ म्हणतो तेव्हा तुम्हाला नेमकं काय समजतं? आमच्या गावात भोवळ, घेरी, झीट, अंधारी, गरगरणं, फेफरं, आकडी, फिट यांतलं काहीही झालं तरी दवाखान्यात गेल्यावर माणूस ‘चक्कर’ एवढंच सांगतो.

रातराणी

@पाऊलवाट सर, दुखण्याच्या मुळावरच बोट ठेवलंत. केसपेपरवर ‘गिडीनेस’ असा एकच शब्द उतरतो आणि पेशंटनं घरी वापरलेला शब्द हरवतो. खरं म्हणजे आपल्या भाषेत निदान अर्धं झालेलं असतं.

‘घर फिरल्यासारखं वाटलं, गरगरलं’ म्हणाला तर कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडं किंवा लहान मेंदूकडं बघायचं. त्यात शुद्ध जात नाही. ‘डोळ्यांपुढं अंधारी आली, काजवे चमकले, कानात सूं झालं, घाम फुटला, मळमळलं आणि मग काही आठवत नाही’ म्हणाला तर रक्तदाब हळूहळू पडत गेला आणि मेंदूला रक्त कमी पडलं. ही आपली साधी भोवळ. ‘काहीच कळलं नाही, एकदम जमिनीवरच होतो’ म्हणाला की मात्र मी खुर्ची पुढं ओढून बसते. तिथं हृदयाचा ताल चुकला असण्याची शंका धरायची. आणि ‘आकडी’ म्हणाले तर आकडी पाहिली कुणी, हे आधी विचारायचं.

म्हणून मी आता ‘चक्कर म्हणजे कशी?’ असं विचारून गप्प बसते. अर्धा मिनिट लागतो. माणूस हातानं करून दाखवतो. बोट गोल फिरवतो किंवा हात डोळ्यांवरून खाली आणतो, त्यातच कळतं.

शुक्रतारा

मी २८ वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. डॉक्टर, तुमच्या त्या सिस्टरांना माझा नमस्कार कळवा.

आमच्याकडचं सांगते. माणूस आला की नातेवाईक आधी म्हणतात, “सलाईन लावा.” आणि आम्ही लावतो. सलाईन सुरू झालं की सगळ्यांना बरं वाटतं आणि विचारायचं ते राहून जातं. माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे. २४ वर्षांची सून, सासूबरोबर आलेली. भोवळ येऊन मोरीत पडली. ‘अशक्तपणा आहे, उपवास फार करते’ असं सासूनं सांगितलं. सलाईन लावलं. नाडी १२० च्या पुढं आणि ओठ पांढरे. नवीन डॉक्टर म्हणाले, घाबरली असेल. मी पडदा ओढला, सासूबाईंना केसपेपर काढायला पाठवलं आणि पोरीच्या कानाशी जाऊन विचारलं, “पाळी कधी आली होती?” दीड महिना झाला होता. सासूसमोर बोलायची सोय नव्हती. युरिन टेस्ट केली, पॉझिटिव्ह. पोटावर हात ठेवला तर कळवळली. गर्भ नळीत राहून नळी फुटली होती. पोटात रक्त साठत होतं आणि आम्ही अशक्तपणावर सलाईन देत होतो. जिल्ह्याला पाठवली, ऑपरेशन झालं, वाचली.

तेव्हापासून माझा नियम आहे. मूल होण्याच्या वयाची बाई भोवळ येऊन आली तर युरिन टेस्ट केल्याशिवाय तिला घरी सोडू देत नाही. आणि बोटाला टोचून साखर बघायची, ती सगळ्यांचीच. साखर उतरली असेल तर ती खरी भोवळ नव्हे, ती माणसं साखर दिल्याशिवाय उठत नाहीत, पण विसरलं तर महागात पडतं.

सातमजली

मी एका खासगी रुग्णालयात इमर्जन्सीला असतो. रातराणी मॅडम, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण दुसरी बाजू मांडतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली तेव्हापासून प्रत्येक डॉक्टरच्या मागं कागद लागलेला आहे. पडलेला माणूस मी सीटीशिवाय सोडला आणि दुसऱ्या दिवशी डोक्यात रक्तस्राव निघाला तर ‘माहिती छान विचारली होती’ हे उत्तर कोण ऐकून घेईल? नातेवाईकही म्हणतात, डोक्याचा फोटो काढा. नाही म्हटलं तर दुसऱ्या हॉस्पिटलला जातात.

आणि हे फक्त पैशांसाठी होतं असं जे सर्रास लिहिलं जातं, ते मला लागतं. भीतीपोटी होतं.

रातराणी

@सातमजली सर, भीती खरी आहे, मलाही असते. पण दोन गोष्टी वेगळ्या करून बघू या.

पडल्यामुळं डोक्याला मार लागला असेल, माणूस म्हातारा असेल, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, उलट्या, डोकेदुखी, एका बाजूची कमजोरी असेल तर सीटी करायचाच. तो मार लागला म्हणून. अचानक आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं दुखून शुद्ध गेली असेल तरीही करायचाच, ते मेंदूभोवतालच्या रक्तस्रावासाठी. पण जो माणूस मिनिटात शुद्धीवर आला, ज्याला मार नाही, ज्याचं मज्जासंस्थेचं सगळं ठीक आहे, तो का पडला ते सीटी सांगत नाही. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं २०१२ मध्येच हे टाळायच्या तपासण्यांच्या यादीत घातलं. मेंदूतज्ज्ञांच्या संघटनेनं मानेच्या डॉपलरबद्दलही (मेंदूला जाणाऱ्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) तेच सांगितलं. कारण सोपं आहे. शुद्ध जायला दोन्हीकडचा मेंदू एकदम रक्ताविना राहावा लागतो, मानेची एक नळी अरुंद असून तसं होत नाही.

आणि कोर्टाचंच म्हणाल तर तिथं नॉर्मल सीटीनं काय होणार? माझ्या त्या मुलीचा सीटी नॉर्मलच आला असता. फाईल जाड झाली असती, ईसीजी तरीही नसता.

सातमजली

शेवटचं वाक्य मान्य. आमच्या फॉर्मवर सीटीची चौकट छापलेली आहे, उभं राहून बीपीची नाही. ती घालून घेतो.

एक मात्र अजून म्हणतो. फुफ्फुसातली रक्ताची गाठ विसरू नका. इटलीतल्या २०१६ च्या अभ्यासात पहिल्यांदा भोवळ येऊन भरती झालेल्या साधारण सहांतल्या एका पेशंटला ती निघाली होती.

थेम्सकाठ

मूळचा नगरचा, सध्या इंग्लंडमध्ये इमर्जन्सीत रजिस्ट्रार. त्या इटालियन अभ्यासानं इथंही खळबळ उडाली होती. पण नंतर वेगवेगळ्या देशांतल्या मोठ्या नोंदी तपासल्या तेव्हा प्रमाण त्याच्या कितीतरी खाली निघालं. तो अभ्यास भरती झालेल्यांचा होता, इमर्जन्सीत आलेल्या सगळ्यांचा नव्हता, हे ध्यानात ठेवायला हवं. दम लागतोय, एक पाय सुजलाय, ऑक्सिजन कमी आहे, नाडी जोरात आहे, अशांमध्ये शोधायचीच. प्रत्येकात शोधत बसलो तर बिनकामाचे स्कॅन वाढतील.

इथं २०१० पासून तात्पुरती शुद्ध हरपण्यावर राष्ट्रीय मार्गदर्शिका आहे. त्यात साध्या भोवळीसाठी तीन गोष्टी बघायला सांगतात: माणूस कोणत्या स्थितीत होता, कशानं झालं आणि आधी काय जाणवलं. उभा होता, रक्त पाहिलं किंवा इंजेक्शन घेतलं, घाम फुटून गरम वाटलं, आणि दुसऱ्या कशाचं चिन्ह नाही, तर साधी भोवळ. पडून असताना किंवा धावत असताना शुद्ध गेली तर ती साधी धरायची नाही. ज्यानं पडताना पाहिलं त्याच्याशी बोलल्याशिवाय इथं कुणी सिनियर माझी केस ऐकत नाही. पहिल्या आठवड्यात मी चारदा परत पाठवला गेलो, “साक्षीदाराला फोन केलास का?” म्हणून. बसस्टॉपवरच्या अनोळखी बाईंनाही फोन लावलेला आहे.

पाऊलवाट

साक्षीदार म्हणजे आम्हीच. १५ ऑगस्टला झेंडावंदनाच्या रांगेत दरवर्षी दोन-तीन मुलं कोसळतात. आम्ही दोघं-तिघं धरून उभं करतो, खुर्चीत बसवतो, तोंडावर पाणी मारतो. एकदा एका मुलाचे हातपाय झटके द्यायला लागले. कुणी कांदा आणला, शिपाईमामांनी चप्पल नाकाला लावली. पालकांना ‘फिट आली’ असं सांगितलं गेलं. सांगणारा मीच. आता हा धागा वाचून झोप येत नाहीये. त्या मुलाच्या गोळ्या सुरू असतील का?

रातराणी

सर, त्या मुलाच्या घरी जाऊन या, हे मनापासून सांगते. आणि तुम्ही जे पाहिलंत ते जसंच्या तसं कागदावर लिहून त्यांना द्या. डॉक्टरला त्याचा केवढा उपयोग होतो!

मेंदूला काही सेकंद रक्त मिळालं नाही की साध्या भोवळीतही हातपाय झटकतात. १९९४ मध्ये बर्लिनमधल्या डॉक्टरांनी निरोगी तरुण स्वयंसेवकांना मुद्दाम भोवळ आणून व्हिडिओ घेतले होते. शुद्ध पूर्ण गेलेल्यांपैकी जवळजवळ ९० टक्क्यांमध्ये झटके दिसले. त्यांच्यापैकी कुणालाही फिटचा आजार नव्हता. हे झटके थोडे, बेताल आणि काही सेकंदांचे असतात. माणूस पांढराफटक पडतो, घामेजलेला असतो आणि जागा झाल्यावर लगेच ‘मी कुठं पडलो?’ म्हणून ओळखीचं बोलतो. खऱ्या फिटमध्ये झटके लांबतात, मान एकीकडं वळते, जीभ बाजूला चावली जाते, आणि नंतर पुष्कळ वेळ तो भ्रमात असतो. कपड्यात लघवी होणं दोन्हींत दिसतं, त्यावरून ठरवू नका. आम्ही डॉक्टरही त्यावरून ठरवतो आणि चुकतो.

आणि धरून उभं करू नका! भोवळ आलेलं शरीर आडवं पडतं म्हणून मेंदूला रक्त मिळतं. आपण त्याला उभं केलं किंवा खुर्चीत बसवलं की रक्त पुन्हा पायांत थांबतं, शुद्ध यायला वेळ लागतो आणि झटके वाढतात. तुमच्या त्या मुलाचं असंच झालं असावं. सपाट झोपवा, पाय वर धरा, गर्दी हटवा, शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. चप्पल-कांद्यानं काही होत नाही, वेळ मात्र जातो. श्वास चालत नसेल, नाडी लागत नसेल तर ती भोवळ नाही. छाती दाबायला सुरुवात करा आणि १०८ ला फोन.

मुलांना एक गोष्ट शिकवता येईल. अंधारी यायला लागली की पायांची कैची करून मांड्या आणि पोट आवळायचं, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायची. स्नायूंतलं रक्त वर ढकललं जातं आणि बऱ्याचदा पडणं टळतं. नाहीच जमलं तर लाज न बाळगता खाली बसायचं. आणि झेंडावंदनाला उपाशीपोटी येऊ नये, सकाळी दोन पेले पाणी पिऊन यावं.

रानकेवडा

१०८ च्या गाडीवर डॉक्टर आहे, बीएएमएस. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ ला सुरू झाली, पुष्कळ काळ त्यात आहे. थोडं कडू बोलतो. आम्ही जागेवर काढलेली मॉनिटरची पट्टी हॉस्पिटलला देतो. किती ठिकाणी ती न बघता ट्रेमध्ये टाकून दिली जाते! हृदयाचा ताल दहा मिनिटांत सुधारतो. तुमच्या कॅज्युअल्टीत नॉर्मल ईसीजी आला म्हणजे पडताना तो नॉर्मल होता असं नाही. एका ६० वर्षांच्या काकांचा ठोका जागेवर ३४ होता, वरचा आणि खालचा कप्पा आपापल्या तालात चालले होते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ७०. तिथल्या डॉक्टरांनी ‘ॲसिडिटी’ म्हटलं. मी पट्टी परत मागून त्यांच्या टेबलावर ठेवली. राग आला त्यांना, पण काकांना पेसमेकर बसला.

रातराणी

@रानकेवडा, अजिबात कडू नाही. मी ती पट्टी केसपेपरला स्टेपल करते आणि आमच्या सगळ्यांना तेच सांगते.

कोकणकडा

जाता जाता. रायगडात विंचूदंशाला प्राझोसिन देतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळं ते सगळीकडं पोहोचलं आणि कितीतरी पोरं वाचली. पण प्राझोसिनच्या पहिल्या गोळीनंतर उभं केलं की बीपी पडून भोवळ येते. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोराला आई कडेवर उभं धरते म्हणून आम्ही आधीच बजावतो, आडवंच ठेवायचं. औषधानं येणारी भोवळ हा मोठा विषय आहे, त्यावर कुणीतरी लिहा.

बाराखडी

मग माझंच लिहिते. मी डॉक्टर नाही. वडील ७२ वर्षांचे. गेल्या महिन्यात पहाटे बाथरूमला उठले आणि दारात पडले. मोठ्या हॉस्पिटलात चार दिवस ठेवलं. सीटी, एमआरआय, मानेचं डॉपलर, मेंदूचा आलेख, सगळं झालं, सगळं नॉर्मल. बिल ८० हजारांच्या वर. डिस्चार्ज कार्डवर ‘चक्कर, कारण सापडलं नाही’. त्यानंतर ते पुन्हा दोनदा पडता पडता वाचलेत. आई रात्रभर जागी असते. हा धागा वाचल्यावर सगळे कागद चाळले. उभं राहून बीपी कुठंच नाही. गोळ्या: बीपीच्या दोन, प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन, आणि पाय सुजतात म्हणून लघवीची एक. टॅम्सुलोसिन आम्ही झोपताना देतो.

रातराणी

@बाराखडी ताई, घरी बीपीचं मशीन असेल तर उद्या सकाळी हे करा. बाबांना पाच मिनिटं आडवं झोपवा, बीपी घ्या. मग उभं करा, एका मिनिटानं घ्या, तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. कुणीतरी शेजारी हात धरून उभं राहा. भोवळ वाटली तर लगेच आडवं करा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर तो कागद आणि सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून फिजिशियनकडं जा. प्रोस्टेटची गोळी, बीपीच्या गोळ्या आणि लघवीची गोळी एकत्र आल्या की पहाटे उठताना असं होऊ शकतं. पण गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. आणि ईसीजी काढला होता का ते बघा.

पिंपळपान

इंटर्न आहे. सगळं वाचून एक प्रश्न पडला. आम्हाला परीक्षेत भोवळीची कारणं विचारतात, मी सतरा लिहिली होती. पण ‘हा समोरचा माणूस घरी जाऊ शकतो का’ हे कुणी शिकवलं नाही. धोका मोजायचे स्कोअर वापरावेत का? सॅन फ्रान्सिस्कोचा आणि कॅनडाचा असे दोन सापडले.

थेम्सकाठ

@पिंपळपान, सॅन फ्रान्सिस्कोचा २००४ चा. हार्ट फेल्युअरचा इतिहास, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) ३० टक्क्यांच्या खाली, ईसीजीत बिघाड, दम, बीपी ९० च्या खाली. यांतलं काहीही असेल तर धोका. नंतर इतर ठिकाणी वापरून पाहिला तेव्हा तेवढा खरा उतरला नाही. कॅनडाचा २०१६ चा, ओटावातल्या गटानं केलेला. उणे ३ पासून ११ पर्यंत गुण, पुढच्या ३० दिवसांतला धोका सांगतो. तो आजच्या घडीला सगळ्यांत चांगला तपासला गेलेला आहे. पण त्यातले घटक नीट बघ. ‘डॉक्टरच्या मते साधी भोवळ’ असेल तर दोन गुण वजा, ‘डॉक्टरच्या मते हृदयाचं कारण’ असेल तर दोन अधिक. म्हणजे आकड्याच्या आतसुद्धा तुझं विचारणं आणि ऐकणंच बसलेलं आहे. ते कच्चं असेल तर गुणही कच्चे.

रातराणी

@पिंपळपान, आणखी थोडं. आपल्याकडं इमर्जन्सी मेडिसिनच्या एमडीला मान्यता मिळाली २००९ मध्ये. त्याआधीच्या पिढ्यांना कॅज्युअल्टी शिकवणारं वेगळं कुणी नव्हतं, आणि आजही तालुक्याला रात्री जो उभा असतो तो तुझ्यासारखा नुकताच पास झालेलाच असतो. त्यामुळं तुझा प्रश्न एकदम रास्त आहे.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या २००२ मध्ये आलेल्या अभ्यासानं दाखवलं की साधी भोवळ येणाऱ्यांचं आयुष्य इतरांइतकंच असतं, पण हृदयामुळं शुद्ध गेलेल्यांच्या मृत्यूचा धोका दुप्पट. मी ड्युटीवर एवढंच डोक्यात धरते: हा माणूस या दोन गटांपैकी कुठला? धावताना किंवा पडून असताना झालं, आधी छातीत धडधडलं किंवा दुखलं, काहीच पूर्वसूचना नव्हती, आधीचा हृदयाचा आजार आहे, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं, ईसीजीत काही खटकतं, यांतलं एक जरी असेल तरी मी घरी सोडत नाही, वरिष्ठांना उठवते. पाठीत किंवा छातीत फाडल्यासारखं दुखून शुद्ध गेली असेल तर महाधमनी फाटल्याची शंका, दोन्ही हातांचं बीपी बघायचं. काळी शौचाला होते का तेही विचार. पोटातला रक्तस्राव भोवळ बनून येतो.

ईसीजी बघताना नुसतं ‘हार्ट ॲटॅक नाही’ म्हणून खाली ठेवू नकोस. बहुतेक जण तेवढंच बघतात. पीआर (वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात ठोका पोहोचायचा वेळ) आखूड आणि क्यूआरएसची (खालच्या कप्प्याच्या ठोक्याची) चढण तिरपी आहे का, क्यूटी किती, छातीवरच्या व्ही१-व्ही२ लीडमध्ये एसटी वर उचलून उतरती होत टी उलटी आहे का, डावीकडचे व्होल्टेज अवाजवी मोठे आहेत का, ठोका वाहून नेणाऱ्या दोन फांद्यांत ब्लॉक आहे का. क्यूटी लांब दिसला तर गोळ्या विचार. ॲझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, डॉम्पेरिडॉन, ऑन्डॅन्सेट्रॉन, यांतलं दोन-दोन एकाच चिठ्ठीत असतं. भोवळीनंतर मळमळतं म्हणून आपणच ऑन्डॅन्सेट्रॉनचं इंजेक्शन देतो. ते देण्याआधी पट्टी बघ.

शुक्रतारा

आणि पेशंट एसटी किंवा ट्रक चालवतो का, विहिरीवर, छपरावर, खांबावर चढतो का ते विचारा रे बाळांनो. बाई चुलीपुढं बसते का तेही. भोवळ साधी असली तरी पडण्याची जागा साधी नसते.

पाऊलवाट

त्या मुलाच्या घरी जाऊन आलो. दीड वर्ष गोळ्या घेतोय. मी पाहिलेलं सगळं लिहून दिलं: किती वेळ उभा होता, चेहरा पांढरा पडला होता, आम्ही त्याला धरून उभं केलं आणि त्यानंतर झटके आले. आई ऐकत होती, शेवटी म्हणाली, “हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.” पुढच्या आठवड्यात मेंदूतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, मीही बरोबर जातो आहे. ईसीजी काढून घ्या असंही सांगितलं. गोळ्या डॉक्टर सांगेपर्यंत चालू ठेवायला सांगितल्या.

बाराखडी

रातराणीताई, आज सकाळी बाबांचं बीपी घेतलं. झोपून १४६/८४. उभं राहून एका मिनिटानं ११८/७०. तीन मिनिटांनी १०४/६४, आणि ते म्हणाले, “आता डोळ्यांपुढं अंधारी येतेय,” म्हणून लगेच झोपवलं. भावानं धरलं होतं. ईसीजी सापडला, फाईलच्या तळाशी होता, त्यावर कुणाची सही नाही. फिजिशियनांची उद्या ११ ची वेळ आहे.

रातराणी

ताई, ४२ नं उतरलंय. ईसीजी सोबत न्या आणि ‘हा बघून सांगा’ असं स्पष्ट म्हणा. उद्यापर्यंत बाबांना एकटं उठू देऊ नका. आधी पलंगाच्या कडेवर दोन मिनिटं पाय सोडून बसायचं, पोटऱ्या दहा-बारा वेळा आवळायच्या, मगच उठायचं. रात्री उशाशी लघवीचं भांडं ठेवा, नको म्हणतील, तरी ठेवा. बाथरूमच्या दाराला आतून कडी लावू देऊ नका. आईंना आज झोपायला सांगा, भाऊ जागेल. उद्या दुपारी काय झालं ते इथंच लिहा, मी दोनपासून ड्युटीवर आहे, मधेमधे बघेन.